जँगोनं ब्लॅक स्वीकारला तेव्हा: सतरा वर्षांच्या कोडचं एका झटक्यात फॉरमॅटिंग

जँगो म्हणजे पायथन भाषेत वेबसाइट उभारण्याचं फ्रेमवर्क, म्हणजे तयार कोडचा सांगाडा. त्याच्या मुख्य ब्रँचमधली (कोडच्या चालू प्रतीतली) एखादी जुनी पायथन फाइल उघडा आणि काही सेटिंग न करता साधं गिट ब्लेम चालवा. कोडचा इतिहास सांभाळणाऱ्या गिटची ही आज्ञा प्रत्येक ओळ शेवटची कुणी आणि कधी बदलली ते दाखवते. ओळींमागून ओळींसमोर एकच महिना दिसेल, फेब्रुवारी २०२२, आणि एकच लेखक दिसेल: जँगो-बॉट. ज्या फ्रेमवर्कचा जन्म अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स गावच्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत झाला, जे जुलै २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं आणि ज्याला जगभरच्या माणसांनी हातभार लावला, त्याच्या इतक्या ओळी एका बॉटच्या नावावर कशा गेल्या? कोडची मांडणी आपोआप लावणारा ब्लॅक नावाचा फॉरमॅटर जँगोनं कसा स्वीकारला, त्याची ही हकिकत. मी स्वतः रोज जँगोवर काम करतो. हे प्रकरण मला जवळचं वाटतं, कारण कोडची शैली आणि टेस्ट्स (कोड बरोबर चालतो का हे तपासणारा कोड) या दोन गोष्टी एकमेकींच्या आधारावर कशा उभ्या असतात हे इथं स्पष्ट दिसतं.

आधीची परिस्थिती काय होती ते बघू. जँगोची शैली पेप-८ या पायथनच्या शैलीच्या नियमावलीवर बेतलेली होती, पण त्यात स्वतःचे फेरफार होते. कोडची ओळ ११९ अक्षरांपर्यंत चालायची, कारण गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवर रिव्ह्यूच्या (बदल तपासण्याच्या) पानावर तेवढी रुंदी मावायची. कॉमेंट्स आणि डॉकस्ट्रिंग (कोडमधली स्पष्टीकरणं) मात्र ७९ अक्षरांत बसवायच्या. स्ट्रिंगला बहुतेक ठिकाणी एकेरी अवतरणचिन्हं. लांबलेला फंक्शन कॉल मोडायचा तर चार स्पेसचा इंडेंट देऊन खाली आणायचा, उघड्या कंसाच्या रेषेत आर्ग्युमेंट्स लावत बसायचं नाही. इम्पोर्ट्सचा क्रम आयसॉर्ट हे टूल लावायचं आणि बाकीच्या चुका फ्लेक-८ हे टूल दाखवायचं.

यातलं बरंच टूलच्या नजरेतून सुटायचं. कंस कुठं बंद करायचा, शेवटच्या आयटमनंतर स्वल्पविराम द्यायचा की नाही, लांब अट दोन ओळींत कशी तोडायची, असे प्रश्न रिव्ह्यू करणाऱ्या माणसाच्या पदरात पडायचे. जँगोचा रोजचा गाडा मुख्यतः जँगो सॉफ्टवेअर फाउंडेशन ज्यांना मानधन देतं ते फेलो ओढतात: तिकिटं तपासणं, पॅच (सुचवलेले बदल) वाचणं, ते मुख्य कोडमध्ये मर्ज करणं, रिलीज काढणं, सुरक्षेच्या तक्रारी निस्तरणं. तेव्हा ती मोजून दोन माणसं होती. त्यांच्या दिवसातली दहा मिनिटं जरी 'इथं इंडेंट चुकलाय' असं लिहिण्यात गेली, तरी तो वेळ कुठल्यातरी खऱ्या बगच्या वाट्याचा असतो.

नवख्या माणसाचं दुःख वेगळं. त्यानं आठवडाभर खपून एक बग सोडवलेला असतो, त्याची टेस्ट लिहिलेली असते, आणि पहिल्या उत्तरात त्याला सात सूचना मिळतात, त्यातल्या सहा कंस-स्वल्पविरामाच्या. सूचना देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, तरी वाचणाऱ्याचा उत्साह मावळतो. माझ्या ओळखीतल्या दोघांनी अशाच अनुभवानंतर ओपन सोर्सचा नाद सोडला. ते जँगोतले नव्हते, दुसऱ्याच एका प्रोजेक्टमधले होते. पण पहिल्या पुल रिक्वेस्टवरची ('माझा बदल घ्या' या विनंतीवरची) ती पहिली प्रतिक्रिया माणूस विसरत नाही.

ब्लॅक हा फॉरमॅटर २०१८ मध्ये वुकाश लांगा यांनी काढला. त्याचं वैशिष्ट्य असं की त्यात पर्याय जवळजवळ नाहीतच. ओळ ८८ अक्षरांची, अवतरणचिन्हं दुहेरी, कंस तो म्हणेल तिथं. फाइल त्याच्या हवाली करायची आणि परत येईल ती स्वीकारायची. जँगोत मोठा बदल करायचा तर डेप नावाचा प्रस्ताव लिहावा लागतो. ब्लॅक वापरण्याचा प्रस्ताव आठव्या क्रमांकाचा. तो २०१९ मध्ये मंजूर झाला.

विरोध झाला, आणि त्यातले काही मुद्दे मला आजही पटतात. हातानं लिहिलेल्या कोडला एक मांडणी असते. टेस्टमधल्या डेटाची यादी कुणीतरी मुद्दाम तक्त्यासारखी लावलेली असते, कारण दोन ओळी एकाखाली एक दिसल्या की फरक चटकन डोळ्यात भरतो. मशीनला हे कळत नाही. ११९ वरून ८८ वर आलं की एका ओळीचा कॉल पाच ओळींचा होतो आणि फाइल उभी वाढते. शिवाय सगळ्यात मोठी धास्ती होती इतिहासाची: प्रत्येक ओळ बदलली की ती ओळ तशी का लिहिली गेली याचा माग पुसला जाणार.

प्रस्ताव मंजूर झाला तरी अंमलबजावणी लगेच झाली नाही. ब्लॅक तेव्हा बीटा, म्हणजे चाचणीच्या, अवस्थेत होता. त्याची शैली अजून बदलत होती, त्यामुळे तो स्थिर होईपर्यंत थांबायचं असं ठरलं. हे थांबणं जवळपास पावणेतीन वर्षं चाललं. आमच्याकडे एखादी गोष्ट मंजूर झाली की पुढच्या सोमवारी ती प्रॉडक्शनवर हवी असते, म्हणून हा धीर मला विशेष वाटतो. अर्धवट स्थिर टूलवर लाखो ओळी टाकल्या असत्या तर त्याच्या प्रत्येक नव्या आवृत्तीला पुन्हा सगळा कोड हलला असता.

२९ जानेवारी २०२२ ला ब्लॅकची २२.१.० ही आवृत्ती आली आणि त्याचा बीटा संपला. ७ फेब्रुवारीला जँगोचा कोड बदललेला होता. मध्ये जेमतेम नऊ दिवस. पावणेतीन वर्षं थांबलेलं काम नऊ दिवसांत उरकलं, कारण ते कोणत्या क्रमानं करायचं हे पक्कं ठरलेलं होतं.

हा क्रम नीट बघण्यासारखा आहे. सगळं काम ३३४७६ क्रमांकाच्या एका तिकिटाखाली झालं. आधी माणसांनी कोडमधल्या अडचणीच्या जागा हातानं सुधारल्या. ब्लॅक चालवला असता तर जिथं वाचायला विचित्र काहीतरी निपजलं असतं, अशा त्या जागा होत्या. त्या सुधारणांची कमिट (गिटमधली बदलांची नोंद) वेगळी. मग ब्लॅक चालवला, आणि त्याची कमिट जँगो-बॉटच्या नावानं गेली. तिच्यात मशीननं केलं तेवढंच, माणसाच्या हातचं काही नाही. तिसऱ्या पायरीवर पुन्हा माणसं आली. ब्लॅक लांब स्ट्रिंग आणि लांब कॉमेंट आपणहून तोडत नाही, त्यामुळे ८८ च्या पुढं गेलेल्या ओळी शिल्लक राहिल्या होत्या. त्या हातानं तोडल्या आणि फ्लेक-८ ची मर्यादा ११९ वरून ८८ वर आणली. फ्लेक-८ चा ई-२०३ हा नियमही बंद करावा लागला. स्लाइस (यादीतला तुकडा) लिहिताना अपूर्णविरामाच्या आधी स्पेस आली की तो नियम तक्रार करतो, आणि ब्लॅक काही ठिकाणी ती स्पेस मुद्दाम ठेवतो. दोन टूल्स एकमेकांशी भांडत राहिली असती तर मध्ये कोड लिहिणारा भरडला गेला असता. आयसॉर्टलाही ब्लॅकशी जुळणारी प्रोफाइल दिली.

सगळ्यात शेवटी रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) एक छोटी फाइल आली, ब्लेमनं कोणत्या कमिट्सकडे दुर्लक्ष करायचं याची यादी. गिटच्या २.२३ आवृत्तीपासून, म्हणजे ऑगस्ट २०१९ पासून, ब्लेमला अशी यादी देता येते. आपल्या मशीनवर गिटच्या कॉन्फिगमध्ये या फाइलचं नाव एकदा टाकलं की ब्लेम फॉरमॅटिंगच्या कमिट्स ओलांडून मागं जातं आणि ओळीचा खरा लेखक व खरं कारण दाखवतं. मार्च २०२२ मध्ये गिटहबनंही आपल्या ब्लेमच्या पानावर ही फाइल मानायला सुरुवात केली. इतिहास पुसला जाईल ही जी २०१९ मधली सर्वात रास्त शंका होती, तिला असं उत्तर मिळालं. हे उत्तर चालतं ते केवळ मशीनची आणि माणसाची कमिट वेगळी ठेवल्यामुळे. दोन्हींची सरमिसळ झाली असती तर ती कमिट यादीत टाकताच आली नसती, कारण तिच्यासोबत खरे बदलही नजरेआड झाले असते.

याची किंमत मी मोजलेली आहे. एका कंपनीत काम करत असताना आम्ही एका शुक्रवारी संध्याकाळी सगळ्या कोडवर फॉरमॅटर चालवला. त्याच कमिटमध्ये कुणीतरी सवलतीच्या हिशेबातली राउंडिंगची एक ओळ 'जाता जाता' दुरुस्त केली. पाच महिन्यांनी बिलांत पैशा-पैशाचा फरक यायला लागला. ब्लेम केलं की प्रत्येक ओळ त्या शुक्रवारकडे बोट दाखवायची. शेकडो फाइल्सच्या त्या डिफमधून ती एक ओळ हुडकायला आम्हाला दोन दिवस लागले, आणि त्या भागाला टेस्ट नसल्यामुळे ती हीच ओळ आहे हे सिद्ध करायला आणखी एक. त्या दोन दिवसांत मी जँगोच्या त्या चार पायऱ्या पहिल्यांदा ओळीनं वाचल्या.

आता टेस्ट्सकडे येऊ. 'फॉरमॅटरनं कोडचा अर्थ बदलला नाही हे कशावरून?' या प्रश्नाचं अर्धं उत्तर ब्लॅक स्वतः देतो. बदल केल्यावर तो जुन्या आणि नव्या कोडची वाक्यरचना-झाडं (कोडच्या रचनेचे आराखडे) काढून दोन्ही समतुल्य आहेत का ते तपासतो, आणि नसतील तर फाइल लिहीतच नाही. उरलेलं अर्धं उत्तर मुख्यतः टेस्ट्स देतात. वाक्यरचनेच्या झाडात कॉमेंट्स नसतात. फ्लेक-८ ला गप्प करण्यासाठी ओळीच्या शेवटी ठेवलेली कॉमेंट, ओळ तुटल्यावर भलत्याच ओळीवर जाऊ शकते, आणि झाडांच्या तुलनेत ते दिसत नाही, फ्लेक-८ पुन्हा चालवल्यावरच कळतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या पायरीवरचे बदल माणसांनी हातानं केलेले होते. लांब स्ट्रिंग दोन तुकड्यांत तोडताना मधली एक स्पेस गळाली की एरर मेसेजमधले दोन शब्द चिकटतात. तिथं ब्लॅकची तपासणी नसते, टेस्टच लागते. जँगोच्या टेस्ट्स नुसतं एक्सेप्शन (चूक झाल्याचा इशारा) आलं की नाही एवढंच बघत नाहीत, त्यातला मेसेजही तपासतात. प्रोजेक्टच्या नियमांतच आहे की निव्वळ एक्सेप्शन तपासणारी पद्धत टाळा, मेसेजसकट तपासणारी वापरा. हा नियम फॉरमॅटिंगसाठी केलेला नव्हता, पण अशा वेळी तोच कामी येतो.

या टेस्ट्समध्ये एक फाइल माझ्या फार आवडीची आहे. टेस्ट्स चालवणाऱ्या जँगोच्या टेस्ट-रनरची परीक्षा घेणाऱ्या डेटात ती आहे, आणि तिच्यात मुद्दाम केलेली सिंटॅक्सची चूक आहे: शेवटी एका ओळीवर आकड्यानं सुरू होणारं नाव. पायथनमध्ये असं नाव चालतच नाही. ही फाइल कशासाठी? टेस्ट्सना टॅग लावता येतात आणि ठरावीक टॅगच्याच टेस्ट्स चालवता येतात. समजा एक फाइल चुकीमुळे लोडच झाली नाही. तिच्यातले टॅग वाचता येणार नाहीत, मग रनरनं ती टॅग जुळत नाहीत म्हणून सोडून द्यायची का? सोडली तर माणूस हिरवा, म्हणजे पास झाल्याचा, निकाल बघून खूश होईल, आणि प्रत्यक्षात त्याची टेस्ट चाललेलीच नसेल. म्हणून जँगोनं ठरवलं की लोड न होणारी टेस्ट नेहमी 'जुळते' असंच धरायचं, म्हणजे तिची चूक समोर येईल. हे वागणं टिकावं यासाठी ती मोडकी फाइल तशीच मोडकी राहायला हवी.

ब्लॅकला ती फाइल वाचताच येत नाही. त्यामुळे जँगोच्या कॉन्फिगरेशनमध्ये ब्लॅकच्या सदराखाली मोजक्या ओळी आहेत, त्यातल्या एकीत पायथनची आवृत्ती आणि दुसरीत या फाइलचा अपवाद. एवढ्या मोठ्या कोडबेसमध्ये ब्लॅकच्या हातातून नावानिशी वगळलेली फाइल कोणती, तर एक टेस्टचा डेटा. हे मला फार अर्थपूर्ण वाटतं.

इतर रोजची कामं पटकन सांगतो. मुख्य ब्रँच बदलली आणि ४.० ची रिलीज ब्रँच जुन्या शैलीत राहिली असती, तर मुख्य ब्रँचवरची प्रत्येक दुरुस्ती ४.० मध्ये नेताना कॉन्फ्लिक्ट (बदलांची टक्कर) आला असता. सुरक्षेचा पॅच घाईनं काढायचा असतो तेव्हा हे परवडत नाही. म्हणून ४.० ची ब्रँचही फॉरमॅट केली. १ मार्च २०२२ ला आलेल्या ४.०.३ च्या रिलीज नोट्समध्ये, बग दुरुस्त्यांच्या सोबतीला, सगळा पायथन कोड ब्लॅकनं फॉरमॅट केल्याचं एक वाक्य आहे. ज्यांच्या पुल रिक्वेस्ट्स तेव्हा उघड्या होत्या त्यांना मात्र त्रास झाला. त्यातल्या त्यात सरळ वाट अशी की आपली ब्रँच फॉरमॅटिंगच्या कमिटच्या अगदी आधीच्या कमिटपर्यंत आणायची, तिथं आपल्या बदललेल्या फाइल्सवर ब्लॅक चालवायचा, आणि मग पुढं सरकायचं. गिटची सवय नसलेल्याला हे जड जातं. मोठ्या प्रोजेक्टमध्ये असा दिवस निवडताना उघड्या कामाचा विचार आधी करायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

ब्लॅक आला म्हणून रिव्ह्यू संपला नाही. उलट जे मशीनला जमत नाही ते आता ठळकपणे उरलं. मॉडेलच्या (डेटाबेसमधल्या तक्त्याचं वर्णन करणाऱ्या) क्लासमध्ये आधी फील्ड्स, मग मॅनेजर, मग मेटा, मग बाकीच्या मेथड्स, हा क्रम माणूसच बघतो. कॉमेंटमध्ये 'आम्ही इथं लूप फिरवतो' असं न लिहिता थेट 'लूप फिरवा' असं लिहायचं. टेस्टच्या डॉकस्ट्रिंगची सुरुवात 'हे तपासतो की' अशी करायची नाही, अपेक्षित वागणं सरळ सांगायचं. खरं-खोटं तपासताना किंमत ट्रू किंवा फॉल्सच आहे का हे काटेकोर तपासायचं, ट्रूसारखं काहीही चालेल अशी ढिली पद्धत वापरायची नाही. असं का? एखादं फंक्शन ट्रू ऐवजी भरलेली लिस्ट परत द्यायला लागलं तर ढिली टेस्ट हिरवीच राहते आणि बदल कुणाच्या लक्षातही येत नाही.

आणि या सगळ्यांवर एक जुना नियम: बगची दुरुस्ती टेस्टशिवाय येत नाही, आणि ती टेस्ट दुरुस्तीशिवाय लाल, म्हणजे नापास, व्हायला हवी. काळजीनं काम करणारा रिव्ह्यूअर पॅच आपल्या मशीनवर आणतो, टेस्ट ठेवतो आणि फक्त दुरुस्ती मागं घेतो. मग टेस्ट चालवतो. ती हिरवी आली तर ती कशाचीच राखण करत नाही. हे करायला दोन मिनिटं लागतात. नव्या माणसाला मी सगळ्यात आधी हेच शिकवतो.

जँगोकडे दहा हजारांहून अधिक टेस्ट्स आहेत आणि त्या पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, मारियाडीबी, ओरॅकल, एसक्यूलाइट अशा वेगवेगळ्या डेटाबेसांवर चालाव्या लागतात. एवढ्या गर्दीत एक टेस्ट दुसरीचं काहीतरी बिघडवून ठेवते, आणि एकटी चालवली की पास होणारी टेस्ट सगळ्यांबरोबर नापास होते. त्यासाठीची साधनं रनरमध्येच आहेत. टेस्ट्स उलट क्रमानं चालवता येतात. ४.० पासून क्रम पिसताही येतो, आणि पिसताना वापरलेला आकडा छापला जातो, म्हणजे तोच क्रम पुन्हा मिळवता येतो. नापास टेस्ट सांगितली की उरलेल्या टेस्ट्स निम्म्या-निम्म्या करत जाऊन नेमकी कोणती टेस्ट तिला बाधते हेही शोधता येतं. मी हे पहिल्यांदा वापरलं तेव्हा तासाभराचं डोकं फोडणं वाचलं.

ऑगस्ट २०२२ च्या ४.१ मध्ये हा बदल जँगो वापरणाऱ्यांपर्यंत पोचला. नवा प्रोजेक्ट किंवा अॅप तयार करणाऱ्या आणि मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणारी फाइल) लिहिणाऱ्या कमांड्स, मशीनवर ब्लॅक असेल तर, तयार झालेल्या फाइल्स त्यातून काढूनच देतात. आमच्या टीममध्ये मायग्रेशन फाइलवरून होणारी लिंटरची (शैलीच्या चुका दाखवणाऱ्या टूलची) कुरकुर त्या दिवसापासून थांबली.

दस्तऐवजांतले कोडचे नमुने मात्र मागं राहिले होते. त्यांचं काम ३४१४० क्रमांकाच्या वेगळ्या तिकिटाखाली २०२३ मध्ये झालं, त्यासाठी ब्लॅकवरच उभं असलेलं ब्लॅकन-डॉक्स हे टूल वापरलं. ब्लॅक आपल्या स्थिर शैलीत बदल करतो ते वर्षातून एकदा, जानेवारीत. २०२३ ची शैली जँगोच्या कोडला लागली तीही स्वतंत्र कमिटमध्ये, दुसरं काहीही तिच्यात न मिसळता, आणि तिचा क्रमांक ब्लेमच्या त्या यादीत गेला. त्याच यादीत दस्तऐवजांच्या कमिटचाही क्रमांक आहे.